सहा माणसं, सहा रात्री, चार टेबलं

मित्राचे आई-वडील काही महिन्यांसाठी अमेरिकेला आले होते. ते इथे असतानाच फ्लोरिडाची सहल उरकून घ्यायची असं घरात ठरलं. ठिकाण ओरलँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, महिना ऑक्टोबर. रविवारी पोचायचं आणि शनिवारी निघायचं, म्हणजे सहा रात्री. माणसंही सहाच: सत्तरीतले काका-काकू, मित्र, वहिनी, ८ वर्षांची मुलगी आणि २ वर्षांचा धाकटा. काका-काकू शाकाहारी, त्यातही काकूंना अंडं चालत नाही. काकांचा गुडघा दुखरा. धाकट्याला दुपारी झोप मिळाली नाही तर संध्याकाळी सगळ्यांचंच काही खरं नसतं.

माझ्याकडे हे प्रकरण आलं ते वहिनींच्या एक्सेल शीटमधून. कसून केलेलं काम होतं. प्रत्येक दिवसाला रंग, प्रत्येक जेवणासमोर वेळ, आणि जेवणाची एकूण नऊ आरक्षणं. हॉटेलच्या रकान्यात मात्र प्रश्नचिन्ह. तिकडे जाऊन आलेल्या मैत्रिणींनी ‘हे चुकवू नका’ म्हणून सांगितलेलं सगळं त्यात आलं होतं. मी म्हटलं, नऊ फार होतात. त्यावर उत्तर आलं, “भावजी, दिवसाला दीडच पडतं की!”

हिशेब बरोबर होता. गडबड होती ती क्रमात. जेवणाची टेबलं आधी ठरवून हॉटेल आणि दिवस मागून त्यांत बसवायला घेतले की पुढचं सगळं ओढाताणीचं होतं. आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली: आधी झोपायचं कुठे, मग कोणत्या दिवशी कोणता पार्क, आणि मग त्या-त्या वेळी माणसं जिथे असतील तिथे जेवण. या क्रमाने गेल्यावर नवांपैकी फक्त दोन आरक्षणं टिकली आणि दोन नवी आली.

हॉटेल

डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क नव्हे, हे नकाशा समोर धरेपर्यंत नीट उमजत नाही. मॅजिक किंगडम १९७१ चं, एप्कॉट १९८२ चं, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ चं आणि अ‍ॅनिमल किंगडम १९९८ चं. हे चार पार्क, दोन वॉटर पार्क आणि पंचवीसहून जास्त हॉटेलं सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या जागेत पसरलेली आहेत. एका टोकाच्या हॉटेलात नाश्ता आणि दुसऱ्या टोकाच्या पार्कात सकाळ, हे कागदावर एका ओळीत मावतं. बसमध्ये त्याला तास लागतो.

पर्याय तीन होते. पहिला, डिस्नेच्या हद्दीबाहेर किसिमीच्या बाजूला स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर. काकूंचा कौल याला. पोळी-भाजी घरची, खोल्या मोठ्या, भाडंही कमी. अडचण दुपारच्या झोपेची. मॅजिक किंगडमचं वाहनतळ पार्काच्या दाराशी नाही. गाडी लावायची, तिथून तळ्यापलीकडे मोनोरेलने किंवा फेरीबोटीने जायचं, मग दार. दुपारी घरी येऊन परत जायचं म्हटलं तर येण्या-जाण्यातच दोन तास सहज जातात. पार्किंगचे दिवसाला ३० डॉलरच्या आसपास, ते वेगळेच. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना पार्कांचं साधं पार्किंग फुकट असतं.

दुसरा पर्याय मोनोरेलवरच्या तीन हॉटेलांपैकी एखादं: कंटेम्पररी, पॉलिनेशियन किंवा ग्रँड फ्लोरिडियन. कंटेम्पररीहून तर मॅजिक किंगडमला चालत जाता येतं. मित्राने दर पाहिले आणि विषय मिटला.

तिसरा पर्याय डिस्नेची स्वस्त गटातली हॉटेलं. इथे मोजणी नीट करावी लागते. या गटातल्या साध्या खोलीत चार माणसं आणि पाळण्यात ३ वर्षांखालचं एक मूल, एवढीच परवानगी. आपली मंडळी धाकटा सोडून पाच, म्हणजे एक खोली पुरत नाही. मग दोन खोल्या, नाही तर आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन किंवा ऑल-स्टार म्युझिक या हॉटेलांतला फॅमिली सूट. सूटमध्ये सहा माणसांची सोय, दोन बाथरूम, दार लागणारी वेगळी बेडरूम, छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. शेगडी नाही.

दोन साध्या खोल्या थोड्या स्वस्त पडत होत्या. तरी मी सूटच्या बाजूने बोललो, कारण दोन खोल्या घेतल्या की एका खोलीत आई-बाबा दोन्ही मुलांना घेऊन रात्री आठला दिवा मालवून अंधारात बसतात आणि दुसऱ्या खोलीत आजी-आजोबा एकटे. सूटमध्ये मधलं दार लावलं की धाकटा झोपतो आणि बाकीच्यांना बाहेर चहा घेत गप्पा मारता येतात. शिवाय सहा माणसांना सकाळी आठच्या आत बाहेर काढायचं तर दोन बाथरूम हवेतच.

दोन सूटवाल्यांपैकी आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन निवडलं ते स्कायलायनरसाठी. २०१९ मध्ये सुरू झालेली ही पाळण्यांची केबल-वाहतूक आहे. ती या हॉटेलाहून मधे कॅरिबियन बीच हॉटेलापाशी बदलून एप्कॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जाते. तिच्यात स्ट्रोलर घडी न करता ढकलत नेता येतो. झोपलेलं पोर उचलून, एका हाताने स्ट्रोलर मिटत, मागे रांग खोळंबलेली असताना ज्याने बस पकडली आहे त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडमला मात्र बसच.

आरक्षण केलं ते फक्त खोलीचं. तिकिटं वेगळी काढली. तिकिटांसकट पॅकेज घेतलं तर २०० डॉलर आगाऊ भरावे लागतात, उरलेली रक्कम पोचायच्या ३० दिवस आधी, आणि त्यानंतर रद्द केलं तर २०० डॉलर जातात. नुसती खोली घेतली तर एका रात्रीचं भाडं भरायचं आणि जवळजवळ शेवटच्या आठवड्यापर्यंत ती नुकसान न होता सोडता येते. घरात सत्तरीतली दोन माणसं असताना हा मोकळेपणा मोलाचा. ऑक्टोबर हा वादळांच्या हंगामातला महिना आहे, हेही मनात होतं. पोचायच्या आधीच्या सात दिवसांत ओरलँडो भागासाठी किंवा आपण राहतो त्या भागासाठी चक्रीवादळाचा अधिकृत इशारा निघाला तर डिस्ने रद्द करण्याचं स्वतःचं शुल्क घेत नाही.

दिवस

वहिनींच्या शीटमध्ये मंगळवार मॅजिक किंगडमचा होता आणि रात्री ९ वाजता तिथल्या सिंड्रेलाच्या किल्ल्यावरची आतषबाजी. काकूंनी आतषबाजीबद्दल मुद्दाम सांगून ठेवलं होतं. व्हिडिओवर पुष्कळदा पाहिलेली, एकदा समोर बसून पाहायची होती.

तो मंगळवार पार्टीचा निघाला. ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत मॅजिक किंगडममध्ये आठवड्यातल्या काही रात्री हॅलोवीनची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटावाल्यांना संध्याकाळी ६ वाजता बाहेर पडावं लागतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाताळच्या पार्टीचं असंच. या तारखा आधीच जाहीर झालेल्या असतात, पण तिकीट काढताना आपण होऊन पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

पार्टीचा दिवस वाईट मात्र नसतो. आतषबाजी हवी असलेले त्या दिवशी येतच नाहीत, त्यामुळे दिवसा रांगा तुलनेने लहान असतात. नुसत्या मुलांचं पाहायचं असतं तर मी मंगळवारच ठेवायला सांगितला असता. पण काकूंची इच्छा एकच होती आणि ती पार्काच्या आत बसूनच पुरी होणार होती. मॅजिक किंगडम सोमवारी आणलं, एप्कॉट मंगळवारी गेलं. बुधवार मोकळा, गुरुवारी अ‍ॅनिमल किंगडम, शुक्रवारी हॉलिवूड स्टुडिओज. मोकळ्या बुधवारावर मित्राने कुरकुर केली, ‘एवढे पैसे भरून तरणतलावात बसायचं?’ तिकिटं मुळातच चार दिवसांची होती. पाचव्या दिवसाचे पैसे वाचले होते, हे दाखवल्यावर तो गप्प झाला.

नवाचे चार

मूळ यादीत रविवारी पोचल्या संध्याकाळी कंटेम्पररी हॉटेलातलं शेफ मिकीज, सोमवारी एप्कॉटमधलं राजकन्यांसोबतचं आकेर्शुस आणि रात्री तिथलंच स्पेस २२०, मंगळवारी किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल आणि दुपारी बी अवर गेस्ट, बुधवारी रिव्हिएरा हॉटेलातला टोपोलिनोज टेरेसचा नाश्ता, गुरुवारी टस्कर हाउस, शुक्रवारी साय-फाय डाइन-इन आणि रात्री पॉलिनेशियनमधलं ओहाना.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती मिकी माउस. शेफ मिकीजमध्ये तो टेबलापाशी येतो, टोपोलिनोजच्या नाश्त्याला येतो आणि टस्कर हाउसलाही येतो. एकाच उंदराला भेटायला तीनदा सहा माणसांचे पैसे भरायचे! मुलीला विचारलं तर तिला मिकी एकदा पुरे होता, राजकन्या मात्र हव्याच होत्या. धाकट्याला मोठ्या तोंडाची बाहुली जवळ आली की रडू येतं की हसू, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट पैसा. डिस्नेची पात्रं, म्हणजे मिकीच्या किंवा राजकन्येच्या वेशातली माणसं, भेटायला येतात अशा जेवणाचा दर ठरीव असतो. १० वर्षांपासून पुढे प्रौढ, ३ ते ९ मूल, ३ वर्षांखाली फुकट. उदाहरणादाखल प्रौढाला ५५ आणि मुलाला ३५ डॉलर धरा. चार प्रौढ आणि एक मूल मिळून २५५ झाले. त्यावर ६.५ टक्के विक्रीकर. आणि सहा किंवा अधिक माणसांच्या टेबलाला १८ टक्के टिप आपोआप लागते. बेरीज ३१८ डॉलरच्या घरात. काकू सकाळी एक वाटी दही आणि फळाची फोड खातात. त्यांच्या त्या वाटीचे ६८ डॉलर. ती टिप बिलात आधीच धरलेली असते, तरी सहीच्या कागदावर टिपेची आणखी एक रिकामी ओळ असते. मित्राला हे आधी सांगून ठेवलं होतं, नाही तर तो भिडेखातर पुन्हा भरणाऱ्यांतला आहे.

जेवणाचा आगाऊ प्लॅन घ्यावा का, हा प्रश्न इथेच निकालात निघाला. २०२४ पासून तो पुन्हा मिळू लागला आहे. मोठ्या प्लॅनमध्ये दर रात्रीमागे माणशी एक बसून जेवण, एक काउंटरवरचं जेवण आणि एक खाऊ मिळतो. अट अशी की खोलीतल्या ३ वर्षांवरच्या प्रत्येकाने तोच प्लॅन घ्यायचा, आणि टिप त्यात धरलेली नसते. मांसाहारी, भरपूर खाणाऱ्या आणि रोज पात्रांसोबत जेवणाऱ्या मंडळींना तो परवडू शकतो. अर्ध्या प्लेटवर उठणारी दोन शाकाहारी माणसं खोलीत असताना तो घेणं म्हणजे दर रात्री थोडे पैसे पाण्यात.

तिसरी गोष्ट वेळ, आणि मला यादीतली सर्वांत महाग रक्कम हीच वाटते. बसून जेवायचं तर पोचणं, नाव सांगून थांबणं, जेवण, पात्रांची फेरी, बिल, असा दीड तास सहज जातो. दिवसात अशी दोन जेवणं म्हणजे तीन तास, तेही घड्याळाकडे बघत. लहान मुलांबरोबर अमुक वाजता अमुक ठिकाणी पोचण्याची शिक्षा दिवसाला एकदाच असावी.

मग चाळणी लावली. रविवारचं शेफ मिकीज गेलं. विमानाच्या दिवशी आरक्षण नकोच, आणि डिस्नेच्या एका हॉटेलातून दुसऱ्यात थेट बस नसते. एखाद्या पार्कापर्यंत जायचं आणि तिथून बदलायचं. ओहाना गेलं, कारण तिथलं रात्रीचं जेवण मुख्यतः भाजलेल्या मांसाचं. मागितल्यावर शाकाहारी ताट मिळतं, पण भरायचा दर तोच. स्पेस २२०, साय-फाय आणि बी अवर गेस्ट ही तिन्ही सजावटीसाठी जाण्याची ठिकाणं, मुलगी थोडी मोठी झाल्यावर जास्त रंगतील. टस्कर हाउस मिकीच्या मोजणीत बाद. किल्ल्यातल्या टेबलावरून बरीच चर्चा झाली. राजकन्या आकेर्शुसलाही टेबलापाशी येतात आणि ते स्वस्त पडतं, या मुद्द्यावर किल्ला सुटला. वहिनींनी तो मनापासून सोडला नाही.

आकेर्शुस आणि टोपोलिनोज राहिली. नवीन आली दोन. सोमवारी मॅजिक किंगडममधलं क्रिस्टल पॅलेस: बुफे असल्याने शाकाहारी माणसाला डोळ्यांनी बघून वाढून घेता येतं आणि धाकट्याचं जेवण फुकट. गुरुवारी अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमधलं सना. तिथे भारतीय वळणाचा स्वयंपाक होतो. नान, कुलचे आणि सोबत नऊ तऱ्हेच्या चटण्या-लोणची-रायती अशी त्यांची ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे. खिडकीबाहेर गवताळ मैदान आणि त्यात जिराफ, झेब्रे. पण ऑक्टोबरच्या मध्यात तिथे सातच्या सुमारास सूर्य मावळतो. सनाचं आठचं टेबल मिळालं तर खिडकीत आपलंच प्रतिबिंब बघत जेवायचं. म्हणून पाचच्या आसपासचंच हवं, नाही तर नको, असं ठरवलं.

बाकीची सगळी जेवणं सूटमधल्या फ्रिजवर आणि काउंटरवर सोडली. किराणा हॉटेलात मागवता येतो: दूध, दही, केळी, ब्रेड. काकूंनी थेपले आणि मेतकूट बरोबर घेतलं. पार्कात बाहेरचं खाणं नेता येतं. काचेची बाटली, दारू आणि सुटा बर्फ तेवढा चालत नाही. काउंटरवरचं जेवण फोनवरच्या अ‍ॅपमधून आधी मागवून ठेवायचं. मेनूत वनस्पतिजन्य पदार्थापुढे पानाची खूण असते, तीमुळे काकूंसाठी दर वेळी चौकशी करावी लागत नाही. त्या खुणेच्या पदार्थात अंडंही नसतं.

बुधवारची पहाट

जेवणाची आरक्षणं ६० दिवस आधी खुली होतात. ओरलँडोच्या घड्याळाने पहाटे ६ च्या सुमारास अ‍ॅपवर आणि संकेतस्थळावर, फोनवर त्यानंतर. भारतातून करणाऱ्याला ते उन्हाळी वेळेत दुपारी साडेतीन, हिवाळी वेळेत साडेचार. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना एक मोठी सवलत आहे: पोचायच्या ६० दिवस आधी त्यांना मुक्कामातल्या १० दिवसांपर्यंतची सगळी जेवणं एकदम आरक्षित करता येतात. हॉटेल आधी ठरवण्याचं आणखी एक कारण हेच.

या सवलतीचा नीट उपयोग करायचा तर दुर्मीळ टेबल मुक्कामाच्या शेवटी टाकायचं. आपला रविवार ६० दिवसांवर असतो तेव्हा शुक्रवार ६५ दिवसांवर असतो. त्या शुक्रवारसाठी बाहेर उतरणाऱ्यांना अजून पाच दिवस हात लावता येत नाही. स्पर्धा फक्त आपल्या आधी किंवा आपल्याबरोबर येऊन डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांशी. म्हणून टोपोलिनोजचा नाश्ता बुधवारवरून शुक्रवारी नेला. त्याने शुक्रवारी हॉलिवूड स्टुडिओजला अर्धा तास लवकर शिरण्याची हॉटेलात उतरणाऱ्यांची सोय हुकणार होती. मुलीला तिथे दोनच राइड हव्या होत्या, तेव्हा ते चाललं. त्या राइडसाठी पैसे भरून लायटनिंग लेनच्या, म्हणजे लांब रांग टाळणाऱ्या वेगळ्या वाटेच्या, वेळा घेतल्या. त्याही हॉटेलात उतरणाऱ्यांना पोचायच्या सात दिवस आधी पूर्ण मुक्कामाच्या घेता येतात, इतरांना तीन दिवस आधी.

आपल्या रविवारच्या ६० दिवस आधीचा दिवस बुधवार होता. त्या बुधवारी पहाटे मित्राने अ‍ॅपमध्ये कार्ड, माणसांची संख्या, मुलांची वयं सगळं भरून ठेवलं होतं. धाकटा फुकट जेवत असला तरी संख्येत तो धरावाच लागतो, कारण खुर्ची लागते. क्रम ठरलेला होता: आधी टोपोलिनोज, मग सना, मग आकेर्शुस, शेवटी क्रिस्टल पॅलेस.

टोपोलिनोजला सहा जणांचं टेबल दिसेना. मित्राचा फोन, ‘नाहीये रे.’ सहाच्या टेबलांची संख्या मुळातच कमी असते. चारचं शोध म्हटलं, तर सकाळी ८:४० चं होतं, आणि दोघांचं ८:५५ चं. दोन्ही घेतली. शेजारी बसवतील याची हमी नसते, पण हातात काही असलं की बदलायला वाव राहतो. सनाचं ५:१०, आकेर्शुसचं ४:२०, क्रिस्टल पॅलेसचं १२:४५ मिळालं. आकेर्शुसची वेळ विचित्र वाटते, पण चार-साडेचारची टेबलं सहज मिळतात, तोवर पाय थकलेले असतात, आणि जेवून उठल्यावर रात्रीच्या खेळापर्यंतचा वेळ मोकळा राहतो.

टोपोलिनोजचं सहा जणांचं टेबल मिळालं ते पुढे, घरून निघण्याच्या आदल्या दिवशी. टेबलं सुटतात त्यालाही वेळापत्रक आहे. पोचायच्या ३० दिवस आधी पॅकेजचे उरलेले पैसे भरायचे असतात, तेव्हा काही जण सहलच रद्द करतात. नंतर शेवटचे एक-दोन दिवस, कारण बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं आणि न सांगता गेलंच नाही तर माणशी १० डॉलर कापले जातात. माणसं दहा डॉलरसाठी आठवणीने रद्द करतात. वहिनी रोज झोपण्याआधी एकदा अ‍ॅप उघडून बघायच्या. सहा जणांचं ९:१० चं दिसलं. ते आधी घेतलं, मग दोन्ही जुनी सोडली. हा क्रम चुकवायचा नाही.

प्रत्यक्षात

रविवारी विमान उशिरा निघालं. खोलीत पोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजून गेले होते. शेफ मिकीज असतं तर एक तर दहाच्या हिशेबाने साठ डॉलर गेले असते, नाही तर विमानात बसल्याबसल्या रद्द करण्याची धावपळ. थेपले खाऊन सगळे झोपले.

सोमवारी कुणी लवकर उठलं नाही. साडेदहा वाजता अजून हॉटेलच्या बसथांब्यावरच होते. पार्कात पोचताच मुलीला राइडवर जायचं असणार आणि पाऊण वाजता सगळ्यांना जेवायला ओढून न्यायचं, हे चित्र वहिनींना दिसलं. बस येण्याआधी त्यांनी क्रिस्टल पॅलेस रद्द केलं, दोन तासांची मुदत संपायच्या आत. जेवले कोलंबिया हार्बर हाउसमध्ये. काउंटरवरचं साधं ठिकाण, पण वरच्या मजल्यावर गार आणि बरीच शांत बसायची जागा. दुपारी काका आणि धाकटा यांना घेऊन मित्र हॉटेलवर परतला, दोघंही दोन तास झोपले आणि संध्याकाळी परत आले. काकूंनी आतषबाजी पाहिली. धाकट्याने कान झाकून अर्धी पाहिली.

मंगळवारी आकेर्शुसला राजकन्या टेबलापाशी आल्या. मुलीने तयार करून आणलेले प्रश्न एकीलाही विचारले नाहीत, नुसती बघत राहिली. जेवण नॉर्वेच्या धाटणीचं, काकूंच्या जिभेचं असणार नव्हतंच, पण आरक्षणात आणि पुन्हा टेबलावर सांगितल्यावर त्यांच्यासाठी वेगळं ताट आलं. रात्री जवळपास विजा चमकू लागल्या आणि स्कायलायनर थांबली. अशा वेळी ती थांबवतातच. बससाठी एप्कॉटच्या दुसऱ्या टोकाला, मुख्य दाराकडे चालावं लागतं. गुडघेदुखीच्या माणसासाठी हे अंतर फार आहे. काकांना त्या दिवशी व्हीलचेअर भाड्याने घ्यायला लावली होती म्हणून निभावलं. आधी ते ‘मला काय झालंय?’ म्हणून बसायलाच तयार नव्हते.

गुरुवारी अ‍ॅनिमल किंगडमहून सनाला बसने गेले, त्या पार्काहून डिस्नेच्या हॉटेलांना थेट बस असतेच. परतताना हॉटेलातून हॉटेलात जायचं होतं, तेव्हा टॅक्सी. धाकट्याची कार-सीट बरोबर आणलेली असल्याने टॅक्सीत प्रश्न आला नाही. सनाला खिडकीची जागा मागून मिळतेच असं नाही. यांना दुसऱ्या ओळीतलं टेबल मिळालं. काका नान तोडता तोडता उठून काचेपाशी गेले ते जेवण गार होईपर्यंत आले नाहीत. जिराफ कुंपणाशिवाय एवढ्या जवळून त्यांनी पाहिला नव्हता. काकूंनी नवाच्या नऊ वाट्या चाखल्या आणि दोन पुन्हा मागवल्या. आठवड्यातलं त्यांचं एवढं एकच जेवण पोटभर झालं.

शुक्रवारी टोपोलिनोजला मिकी आला तेव्हा धाकटा रडला, मिनी आली तेव्हा हसला आणि डोनाल्डची चोच त्याने धरून ठेवली. नाश्त्यानंतर त्याच स्कायलायनरने परत कॅरिबियन बीचला येऊन हॉलिवूड स्टुडिओजला गेले.

वहिनींचं म्हणणं अजून कायम आहे की किल्ल्यातलं टेबल ठेवायला हवं होतं, सनाच्या दिवशी नाही तर क्रिस्टल पॅलेसच्या जागी. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. क्रिस्टल पॅलेस तसंही रद्दच झालं. पण किल्ल्याचं टेबल असतं तर ते रद्द करायला कुणाचा हात धजला नसता आणि थकलेली सहा माणसं पाऊण वाजता किल्ल्याच्या दाराशी ताटकळली असती. मुलगी १० ची व्हायच्या आत पुन्हा जायचं त्यांच्या मनात आहे, कारण त्यानंतर तिला जेवणात आणि तिकिटात दोन्हीकडे प्रौढांचा दर लागेल. तोवर धाकटा ३ च्या पुढे गेलेला असेल. त्याला तिकीट लागेल, बुफेत त्याचे पैसे पडतील आणि काका-काकू पुन्हा बरोबर असतील तर सूटमधल्या सहाही जागा भरतील. पाळण्यात सातव्या कुणाची सोय मात्र तेव्हाही असेल, असं मित्र म्हणाला आणि वहिनींनी एक्सेल शीट बंद केलं.